लाल दिसलं की मागे

माझ्याकडे शिसवी लाकडाची फूटभर लांब पट्टी होती. ती आडवी नाही, उभी मारायची, म्हणजे कड बसते आणि बोटांचे सांधे लगेच सुजतात. नंदुरबारच्या माझ्या हॉस्पिटलात पोटविकारांची फेलोशिप करायला आलेल्या प्रत्येक डॉक्टरने ती खाल्ली आहे. एमडी झालेली, लग्नं झालेली, तिशी ओलांडलेली माणसं. मला त्याची लाज वाटत नव्हती. आलेल्या पाहुण्यांना मी ती पट्टी कौतुकाने दाखवत असे.

नियम एकच होता. दुर्बिणीचं टोक आतड्याच्या भिंतीला टेकलं की सगळा स्क्रीन लाल होतो. पुढचं काही दिसत नाही. अशा वेळी उजवा हात, म्हणजे नळी आत सारणारा हात, मागे घ्यायचा. वाट दिसली तरच पुढे. हे ऐकायला सोपं आहे, पण शिकणाऱ्याला घाई असते. पी हळद आणि हो गोरी. लाल दिसत असताना ज्याचा हात पुढे जाई, त्याच्या हातावर पट्टी बसे. माझे गुरू तर स्टीलच्या चिमट्याने मारत. माझ्या उजव्या मनगटावर त्याचा व्रण आहे आणि माझा हात हलका आहे. या दोन गोष्टींचा संबंध मी वर्षानुवर्षं लावत आलो होतो.

ज्याची ही गोष्ट, तो फेलो रनाळ्याचा. घरची शेती, गावातला पहिला मोठा डॉक्टर. हात चांगले रुंद. त्या हातांना वळण लावायचं मी मनावर घेतलं होतं, म्हणजे इतरांपेक्षा त्याला जास्त मारत होतो. तो कधी हूं की चूं करत नसे. काम संपलं की दुर्बीण धुण्याच्या खोलीत जाई, तिथल्या वयस्क सिस्टर त्याच्या बोटांवर बर्फ धरत. एकदा त्या मला म्हणाल्या, "सर, बैललेबी इतलं मारतस नही." मी हसलो.

सकाळची वेळ होती. सारंगखेड्याकडची एक म्हातारी शौचातून रक्त जातं म्हणून आली होती. जीपमधून उतरून स्वतः चालत आली, सोबत तीन मुलगे, दोन पुतणे, काही जण मागून मोटारसायकलवर. मोठ्या आतड्याची दुर्बीण करायची होती. कुशीवर झोपताना तिने फेलोच्या बाहीला धरलं. "धीरे धीरे कर रे भाऊ," म्हणाली. तो म्हणाला, "हा माय." भुलीच्या औषधाने तिचे डोळे मिटले. त्याने सुरुवात केली आणि मी बाजूच्या खोलीत फोन घ्यायला गेलो.

पाच-सात मिनिटांनी परत आलो तेव्हा तो दुर्बीण बाहेर काढत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं सर. सगळं व्यवस्थित आहे." मी पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं.

दुपारी सिस्टर धावत आल्या. म्हातारीचं पोट फुगलं होतं. मी हात ठेवला तर पोट पाटासारखं कडक लागलं, आणि तिने किंकाळी फोडली. एक्स-रेमध्ये जिथे हवा असायला नको तिथे, छाती-पोटामधल्या पडद्याखाली, हवेची काळी कोर दिसत होती. आतडं फाटलं होतं. माझा सर्जन मित्र आमच्याच हॉस्पिटलात होता, म्हणून ऑपरेशनला उशीर झाला नाही. पण सकाळपासून घाण पोटात सांडत होती, आणि तिचं वय सत्तरीच्या पुढे.

मी फेलोची कॉलर धरली आणि त्याला दुर्बीण धुण्याच्या खोलीत ओढत नेलं. विचारलं, काय झालं होतं? तो म्हणाला, काही नाही. मी पट्टी मारली. परत विचारलं. परत काही नाही. मग मी हात बघितला नाही, खांदा बघितला नाही, मान बघितली नाही. तो सिंकला पाठ लावून उभा होता आणि मी मारत होतो. सिस्टर माझा दंड धरून ओरडत होत्या. पट्टी मधोमध मोडली तेव्हा मी थांबलो. अर्धा तुकडा धुण्याच्या पाण्यात पडला.

मग तो बोलला. हॉस्पिटलात तो कायम शाळेतली मराठी बोलत असे, ती त्याला त्या वेळी आठवली नसावी. "स्क्रीन लाल व्हई गया सर. मी मागे लेनारच व्हतू. तितलामा तुमना चपलासना आवाज उना. तुम्ही लाल देखशात नि मारशात, म्हनीसन मी बिगी बिगी पुढे ढकली दिनी."

माझ्या कोल्हापुरी चपला करकर वाजतात. फोन संपवून मी दारापर्यंत आलो होतो आणि कुणीतरी हाक मारली म्हणून परत वळलो होतो, हे मला तेव्हा आठवलं. तेवढ्या वेळात त्याने नळी पुढे ढकलली होती. हाताला काहीतरी फाटल्यासारखं जाणवलं आणि स्क्रीनवर पिवळं दिसलं. आतड्यात पिवळं दिसायचं कारण नसतं. ती आतड्याच्या बाहेरची चरबी होती. ते काय आहे हे त्याला कळलं होतं आणि तरीही तो मला सगळं व्यवस्थित आहे म्हणाला होता. लाल दिसलं की मागे घ्यायचं, एवढं शिकवायला मी पट्टी उचलली होती. तो शिकला होता की सर यायच्या आत लाल घालवायचं.

आता नातेवाइकांना सांगायला हवं होतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ते पाच जण उभे होते. थोरला मुलगा पुढे आला. "मन्ही माय चालत उनी व्हती," म्हणाला. मी तोंड उघडलं ते खरं सांगण्यासाठीच. पण त्याच्या हातात हेल्मेट होतं, पुतण्याने सलाइनचा स्टँड धरला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "दुर्बीण माझ्या हातात नव्हती. त्या डॉक्टरच्या हातात होती."

फेलो माझ्या मागेच उभा होता. पहिला फटका हेल्मेटचा, कानावर. मग स्टँडचा. काउंटरची काच फुटली आणि तो त्या काचांवरच पडला. लाथा सुरू झाल्या. मार खाणारा माणूस डोकं झाकतो, तोंड झाकतो. याने दोन्ही हात काखेत घातले होते. तोंडावर लाथ बसली, नाकातून रक्ताची धार लागली, तरी हात बाहेर आले नाहीत. मार हातांवरच बसतो हे त्याला मी शिकवलं होतं.

मी किती वेळ नुसता उभा होतो ते मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. शेवटी मध्ये पडलो. मला एक फटका बसला, एक दात गेला. दात थुंकून मी ओरडलो की चूक माझी आहे, मला मारा. पण एव्हाना ते दमले होते. तेवढ्यात सर्जन बाहेर आला आणि म्हणाला की म्हातारी जिवंत आहे.

ती वाचली. आठ दिवसांनी उठून बसली. फेलो ड्रेसिंग करायला गेला तेव्हा त्याचा सुजलेला चेहरा तिने हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला. "तुले कोनी मारं रे?" तो म्हणाला, "पडनू माय." मुलं खाली बघत होती. मीही तिथेच होतो, मीही खालीच बघत होतो. नंतर थोरल्याला मी बाजूला घेऊन पट्टीपासून सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि हात जोडले. "जाऊ द्या साहेब. माय वाचनी." मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पट्टीचे दोन्ही तुकडे मी फेकले. नवी केली नाही. त्यानंतर फेलो पंधरा दिवस घरी राहून परत आला, याचंच मला नवल वाटलं. त्याने पहिली केस घेतली त्या दिवशी मी चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेलो. त्याला आवाजाची भीती वाटू नये, एवढंच मनात होतं. त्याच्या मागे उभा राहिलो.

स्क्रीन लाल झाला. त्याने मागे बघितलं नव्हतं, पण मी तिथे आहे हे स्क्रीनच्या काचेत त्याला दिसलं असावं. त्याने उजवा हात नळीवरून काढला आणि काखेत घातला. नळी तशीच पेशंटच्या आत. मी झडप घालून ती धरली, अलगद मागे घेतली, वाट दिसू लागली. त्याचे डोळे मिटलेले होते. पेशंटला जाग येऊ नये म्हणून मी हळूच म्हणालो, "आता पट्टी नाही रे. मी मारणार नाही."

त्याने डोळे उघडले आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"सर, चपला घालीसन येत जा," तो म्हणाला. "तुम्ही कव्हय येतस ते समजत नही."

दुसऱ्या दिवशी मी चपला घालून आलो.