उसनं माहेर

माझे वडील महाडकडचे. विशीत रंगूनला गेले, तिथल्या तांदळाच्या गिरणीत चिकटले आणि पुढं आयुष्यभर पोलादपूरच्या डोंगरांचं कौतुक करत बसले. झऱ्याचं पाणी काय, माणसांची माया काय, अमकं नि ढमकं. मुलगी द्यायची ती आपल्याच मुलखात, हा त्यांचा हट्ट. म्हणून सोळाव्या वर्षी मी बोटीनं कलकत्ता, आगगाडीनं मुंबई, पुन्हा बोटीनं बाणकोट, खाडीतनं होडीनं महाड, बैलगाडीनं पोलादपूर आणि तिथून पायी, अशी डोंगरातल्या एका वाडीवर येऊन पडले. वडिलांनी सांगितलेलं पोलादपूर मला कुठं दिसलं नाही. ते बहुतेक रंगूनलाच राहिलं होतं.

आता तू आपल्या देशात आलीस, असं जो तो म्हणे. कसला आपला देश! नळाच्या पाण्यावर वाढलेली मी, इथं घागर घेऊन डोंगर उतरायचा आणि भरली की चढायचा. नाचणीची भाकरी तव्यापर्यंत पोचायच्या आधीच माझ्या हातावर मोडायची. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून उन्हाळाभर रानातून पाल्याचे भारे डोक्यावर वाहायचे. मान अशी धरायची की रात्री कूस बदलता येत नसे. एका म्हाताऱ्यानं तर ब्रह्मदेश म्हणजे ब्रह्मदेवाचा देश समजून मला हात जोडले आणि देव दिसायला कसा असतो म्हणून विचारलं. माझी रंगूनची रंगीत कागदी छत्री बघायला सगळी वाडी लोटली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या बकरीनं तिचा काठ खाल्ला. बायका पोट धरधरून हसल्या. मला हसूही येईना, रडूही येईना. कंटाळा, नुसता कंटाळा आला होता. कसं बसायचं, कुणापुढं डोक्यावर पदर घ्यायचा, कुठल्या वाटेनं जायचं नाही, सकाळपासून सारखं जपायचं. परक्या ठिकाणी माणूस कामानं दमत नाही तितकं या जपण्यानं दमतं.

नवरा मुंबईला गिरणीत. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. घरात मी आणि सासूबाई. बाई तोंडानं फटकळ. माझी भाकरी बघून म्हणायच्या, ही गुरांनाबी नको घालूस, गुरं रागावतील. माया बिया मला तरी कधी दिसली नाही.

मला दिवस गेले तेव्हा कितीतरी महिन्यांनी जिवाला बरं वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कुणी मोडत नाही. म्हणजे आता यांना मला रंगूनला धाडावंच लागणार. मी मनातल्या मनात सामानही बांधलं. पण वडिलांकडून निरोप आला की आई अंथरुणाला खिळलीय, आणि पोटुशी पोर एवढ्या लांब समुद्रावरून आणणं शहाणपणाचं नाही. त्या दिवसापासून माझ्यातला जीवच गेला. म्हटलं, होऊ दे इथंच, एवीतेवी सगळं परकंच आहे.

सासूबाईंना ते पटेना. सासरच्या उंबऱ्याआत पहिलं मूल झालं की ती बाई जन्माची बिनमाहेरची, असं तिकडं धरतात. पाणवठ्यावर बायका कुजबुजायला लागल्याच होत्या. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि घागर भरायच्या. मग सातवा लागल्यावर एका सकाळी म्हणाल्या, लुगडी बांध, माझ्या म्हायेरी जायाचं.

मी बघतच राहिले. त्यांचं माहेर कशेडी घाटाच्या अंगाला, आणि त्यांनी ते कधीचं तोडलं होतं, हे वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. भाचीच्या लग्नात भावजयीनं त्यांना मानाचं लुगडं दिलं नाही. त्या भरल्या पंगतीतून उठल्या आणि या घरचं पाणी पिणार नाही म्हणून शपथ घेऊन बाहेर पडल्या. तेव्हापासून सख्खा भाऊ भेटायचा तो महाडच्या बाजारात, तोही उभ्याउभ्या.

पोलादपूरपर्यंत उतरलो, पुढं बैलगाडी मिळाली, मग पुन्हा चढ. गाठोडं त्यांनीच घेतलं होतं. मला जागोजाग सावलीत बसवायच्या आणि वर म्हणायच्या, म्हैस बरी तुझ्यापरीस. मला भीती एकच होती. भावजयीनं दारातून परत लावलं तर या पोटाचं मी करू काय?

भाऊ रानात गेला होता. भावजय बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. ये नाही, बस नाही. सासूबाईंनी गाठोडं अंगणात ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वयनी, या घरात माझा हक्क उरला आसंल तर तो मी हिला दिला. हिची आय समुद्रापल्याड हाय. हिला लेक म्हणून घे. मला काय नको."

माझी मान खाली. आयुष्यात कुणापुढं न वाकलेली ही बाई माझ्यासाठी त्या बाईपुढं वाकत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावजय माझ्या पोटाकडं बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आली, माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. दुसरा तांब्या तिनं नणंदेपुढं धरला.

"तहान नाय," सासूबाई म्हणाल्या. चढानं त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. भावजयीनं तांब्या त्यांच्या शेजारी ठेवला. एकीनं तो उचलला नाही, दुसरीनं तो आत नेला नाही. दोघी तशाच बसून या वर्षीच्या भाताविषयी बोलल्या.

ऊन कलल्यावर सासूबाई उठल्या. ज्या घरातून सुटायला मी वर्षभर तळमळत होते, त्या घराकडं त्या निघाल्या, आणि मला काय झालं कोण जाणे, मी अनवाणी धावत जाऊन त्यांचा पदर धरला. म्हटलं, मला घरी न्या. मी हुंदके देत होते. कुठलं घर, हे त्यांनी विचारलं नाही.

"खुळी हायेस काय गो? लेक म्हायेरातून अशी पळते व्हय? येईन न्यायला. दोघांना नेईन."

त्यांनी पदर सोडवून घेतला, माझं नाक त्यालाच पुसलं, आणि तहानलेल्याच उतरणीला लागल्या.