सुलीचा चेहरा आणि पुण्याचे कॅमेरे

मासे कापून झाले, हात धुतले, पदर झटकला, तरी संध्याकाळी कोपराला एखादं खवल चिकटलेलं सापडतंच. आमच्या घरी होणाऱ्या फोटोच्या वर्कशॉपच्या गजालींचंही, म्हणजे किश्शांचंही, तसंच आहे. पाहुणे पुण्याला गेले, चादरी धुऊन वाळत पडल्या, म्हणावं सुटले एकदाची! तर भांडी घासताना एक गजाल आठवते, फुलं काढताना दुसरी. मग मी एकटीच हसत बसते, नाहीतर एकटीच चिडत. जास्त करून चिडतच!

आमचं घर तोंडवलीत, समुद्राला लागून. सून वैशाली होमस्टे चालवते. दर थंडीत पुण्याचे एक सर डझनभर माणसं घेऊन येतात आणि दोन-तीन दिवस त्यांना डिजिटल कॅमेरा शिकवतात. मी शाळेची पायरी चढलेली नाही, पण यंदा या वर्कशॉपला मीही बसले. हौस म्हणून नाही हो. शेजारच्या सुलीसाठी.

सुलीचा नवरा सरकारी नोकरीत होता. तो गेल्यावर तिला पेन्शन लागली. त्या पेन्शनीला दरवर्षी, ही बाई जिवंत आहे, असा दाखला लागतो. जन्मभर मासे कापून सुलीच्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या, मशीनवर अंगठा उठेना. बँकेतला मुलगा म्हणाला, "आजी, आता फोनला चेहरा दाखवायचा. फोनने ओळखलं की झाला दाखला." आणि फोन काही ओळखेना! आधार कार्डावरची सुली ती हीच, हे त्याला पटेचना. मुदत संपत आली. उभ्या तोंडवलीला तोंडाने गप्प करणारी सुली आमच्या पडवीत बसून रडली.

"जित्या माणसाक मेलेला ठरवतत गो शांते!"

मी म्हटलं, "रडा नको. येत्या शनवारी आमच्याकडे एवढे क्यामेरेवाले येतत. लांबच्या पक्ष्याचो डोळो त्येंका गावता, तुजा एवढा मोठा त्वांड गावाचा नाय?"

*

वर्कशॉप वर्कशॉप म्हणजे सगळी सारखी नसतात, हे मात्र मला पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हा दुसरे एक सर आले होते. त्यांनी आमच्या माजघराच्या खिडक्यांना चादरी बांधल्या, अंधार केला आणि भिंतीवर स्वतःचे फोटो दाखवायला लागले. बर्फाचे डोंगर. त्यानंतर बर्फाचे आणखी डोंगर. एका डोंगराला तास! माणसं पैसे भरून समुद्राला आलेली आणि बसलीत काळोखात बर्फ बघत.

मी चहा द्यायला आत गेले तर निम्मे डुलक्या काढतायत. तेवढ्यात वैशाली धावत आली. "सर, बाहेर डॉल्फिन आलेत! अगदी जवळ!"

सर वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "प्रश्न शेवटी विचारा!"

त्यांना परत बोलावलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

*

आताचे सर बरे. माणसांना बाहेर नेतात, प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात डोकावून 'इथे चुकलात' म्हणून सांगतात. पण सर बरे असले म्हणून शिष्य बरे असतात असं नाही!

पहाटे होडी पाण्यात ढकलतानाचा फोटो घ्यायचा ठरलं. सगळे काळोखात उठून, वाळूत गुडघे रोवून बसले. आमच्या गावातला होडीवाला बाबल जाळं खांद्यावर टाकून निघाला. एवढ्यात पुण्याचे एक डॉक्टर अगदी प्रेमाने म्हणाले, "काका, कुठे निघालात?"

झालं! समुद्रावर निघालेल्या माणसाला आमच्याकडे 'खंय' म्हणून कोणी विचारत नाही. विचारलं की काम फिसकटलं. बाबल जागीच थांबला. डॉक्टरांकडे बघितलं. जाळं घेऊन वळला आणि सरळ घरी गेला.

सर त्याच्या मागून धावले. "बाबलभाऊ, अहो, सूर्य वर येतोय!"

"येवंदे," बाबल म्हणाला. "त्येका कोणी इचारूक नाय खंय जातंस म्हणान."

त्या दिवशी सगळ्यांनी रिकाम्या होडीचे फोटो काढले. बाबल अंथरुणात पडून चहा पीत होता, त्याचा मात्र कोणी काढला नाही.

*

जेवणाचं तर विचारूच नका. वैशालीने घाम गाळून सुरमई तळली. ताटं वाढली. कोणी हात लावेल तर शपथ! आधी फोटो. पडवीत सावली पडते म्हणून ताट अंगणात. अंगणात ऊन जास्त म्हणून ताट विहिरीच्या कठड्यावर. तिथे मागे माझी लुगडी दिसतात म्हणून ताट माडाखाली. डॉक्टर स्टुलावर चढले, वरून फोटो घ्यायला. सोलकढी कोमट झाली, भात गार झाला. मी दारातून ओरडते आहे, "अरे जेवा रे बाबांनो, ता खावचा आसा!"

शेवटी कावळा आला. सुरमईची तुकडी चोचीत धरली आणि उडाला. त्याच क्षणी डॉक्टरांनी बटण दाबलं.

सर आनंदाने नाचायचेच बाकी होते. "बघा! हाच तो क्षण! याचीच वाट बघायची असते!"

वैशाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "क्षण तुमचा, तुकडी माझी! आता या ताटात काय वाढू?"

*

आता माझा अभ्यास ऐका. सरांनी शिकवलं, माणूस फोटोत मधोमध ठेवायचा नाही. थोडा कडेला ठेवायचा, त्याच्या नजरेसमोर जागा सोडायची. मला ते काही पटलं नाही. देव मधोमध बसतो, नवरी मधोमध बसते, मग फोटोतल्या माणसानेच काय पाप केलंय? पण शिकायला बसलं की ऐकावं.

दुपारी सुलीला बोलावलं. वैशालीचा फोन घेतला, दाखल्याचं ते ॲप उघडलं. पडद्यावर एक गोल येतो, त्यात चेहरा बसवायचा. मी शिकल्याप्रमाणे सुलीला कडेला ठेवली, समोर समुद्राला जागा सोडली. फोन म्हणाला, चेहरा दिसत नाही. आणखी कडेला ठेवली. चेहरा दिसत नाही!

सुली म्हणाली, "गो, माका समोरून काढ मगे!"

"गप रव. सरांनी सांगल्यानी तसा करतंय."

वैशालीने येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आये, ता फोटोसाठी! ह्या बँकेसाठी!"

मग सुलीला गोलात मधोमध बसवली. तरी फोन म्हणाला, जुळत नाही. सुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बँक!

*

संध्याकाळी रापण होती. म्हणजे मोठं जाळं समुद्रात लांब सोडतात आणि दोन्ही बाजूंनी दोर धरून गावातली माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. आमच्याकडची रीत अशी की दोराला ज्याने हात लावला, त्याला माशांचा वाटा. मग तो कोणी का असेना.

जाळं ओढून झालं, मासे वाळूत तडफडतायत, आणि एक बाई म्हणतात, "भाऊ, परत एकदा ओढाल का? आता लाईट मस्त आलाय!"

बाबल घामाने निथळत होता. तो शांतपणे म्हणाला, "माशांका इचारा. ते परत दर्यात जावक तयार आसत तर आमी ओढतोव!"

सरांचं मला इथे कौतुक वाटलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी रापण लागली तेव्हा त्यांनी सगळ्यांचे कॅमेरे पिशवीत घालायला लावले आणि दोराला लावलं. तळहात सोलले, कमरा धरल्या, एक जण पाण्यात आपटला. त्याच्या आदल्या दिवशी यांना कोणी ओळखत नव्हतं. आता रापणीवरची माणसं हाका मारायला लागली, "ओ डाक्टर, पाय रोवा!" त्यानंतर जे फोटो निघाले त्यात माणसं कॅमेऱ्याकडे पाहुण्यासारखी बघत नव्हती. असं काही होतं तेव्हा वाटतं, चला, यांचे पैसे वसूल झाले.

डॉक्टरांना वाट्याला पेडवे मासे आले. मिळकतीचा कोण अभिमान! कोणाला हात लावू देईनात. पुण्याला पोचल्यावर वैशालीला फोन आला, "वहिनी, कॅमेऱ्याच्या बॅगेला माशांचा वास येतोय, काय करू?"

"पेडवे कशात नेलात?"

"बॅगेतच. लेन्सच्या कप्प्यात अगदी बरोबर बसले!"

*

मधे एका सकाळी सगळे देवळात गेले. देवळात फोटो काढायचे तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. गावकार दादा पुढे झाले, नारळ ठेवला, आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ही पुण्याची लेकरां फोटो काढूक इलेली आसत, त्येंका सांभाळून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या क्यामेऱ्यांत रेव जावक देव नको, ब्याटरी मधीच मरांदे नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मागून हळूच म्हटलं, "दादा, सुलीचा पण घाला." दादांनी डोळे न उघडताच घातलं, "आणि आमच्या सुलीचा त्वांड त्या फोनाच्या वळखीक येवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुलीचा आवाज सगळ्यांच्या वर.

गाऱ्हाणं संपलं. माझ्या अंगावर काटा आलेला. तेवढ्यात एक चष्मेवाली पुढे आली. "काका, सॉरी हं, माझा व्हिडिओ ऑनच नव्हता. परत एकदा म्हणता?"

दादांनी नारळ उचलला. "बाये, देव काय भैरो आसा?"

*

आता शेवटच्या सकाळची. दुसऱ्या दिवशी सुलीची मुदत संपत होती. सर म्हणाले, "आज समुद्रावर जायचं नाही. आजचं सेशन पडवीत, सुलभाताईंच्या फोनचं."

सुलीला खुर्चीत बसवली. एकाने पांढरं थर्माकोल धरलं, एकाने छत्री. चष्मेवालीने तिचं नाक पुसलं, पावडर लावली, केस चापून बसवले. आणि मग सगळे एकदम सुरू.

"आजी, स्माइल!" "हनुवटी खाली!" "खांदे सैल सोडा!" "अजून थोडं स्माइल!"

फोन म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा. सुलीने देवासमोर मिटतात तसे डोळे मिटले ते उघडेचना. फोन म्हणाला, जुळत नाही. पुन्हा केलं. यावेळी उघडले ते बाजारातल्या पापलेटासारखे सताड उघडेच! जुळत नाही. थर्माकोल डावीकडे नेलं. जुळत नाही. छत्री मिटली. जुळत नाही!

सुलीचं हसू थरथरायला लागलं. "पुरे झाला," ती म्हणाली. "मेलंय म्हणान लिवन टाका."

डॉक्टर खाली बघायला लागले. मी सुलीकडे नीट बघितलं. पांढरंफटक तोंड, मान खाली, ओठांवर ते केविलवाणं हसू. म्हटलं, ही कोण बाई बसली आहे? एवढ्या वर्षांची शेजारीण, पण मीच ओळखलं नसतं, त्या मेल्या फोनला काय बोल लावू!

पदराने तिची पावडर खसाखसा पुसली. वैशालीला सांगितलं, "फोन धर समोर. हलव नको." आणि सुलीसमोर उभी राहिले.

"सुले, एक सांगू? तू माका एवढी वरसा बांगड्याचा तिखला धाडतंस."

"धाडतंय. मगे?"

"ता मी कधी खावकच नाय. मांजराक घालतंय."

सुलीचं हसू गेलं. हनुवटी वर आली. खांदे ताठ झाले. डोळे एकदा मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले.

"शिरा पडो तुज्या तोंडार!"

टुंग!

गोल हिरवागार झाला. वैशाली किंचाळली, "झाला! आये, झाला! घेतल्यान!" डॉक्टरांनी थर्माकोल हवेत उडवलं, चष्मेवाली रडायला लागली, सरांनी तर चक्क माझ्या पायाला हात लावला. सगळी पडवी टाळ्या वाजवत होती.

सुलीने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्चीच्या हाताला धरून ती उठली, पदर खोचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"खयच्या मांजराक?"