धाकटीचा सैल टेप

आमच्या धाकट्या जावेला शिवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाहेर सगळीकडे उलटीच समजूत आहे. कोट न्यायला आलेला माणूस आरशात स्वतःला पुढून बघतो, मागून बघतो, खूश होतो आणि वळून तिला म्हणतो, "काय हात आहे हो तुमचा." तिने त्या हाताने लावलेलं बटण घरी पोचेपर्यंत टिकत नाही. कापड मी बेतते, मी कापते, अस्तर मी लावते, काजंसुद्धा मीच करते. पडद्याच्या आत माझी कंबर मोडते आणि पडद्याबाहेर हिची वाहवा होते. असं ऐकलं की कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांची नजर कमी झाली तोवर मी त्यांच्याकडून कात्री शिकून घेतली होती, त्यामुळे त्यांची खुर्चीही माझ्याकडे आली. मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि सासरे म्हणाले, दोघी मिळून चालवा, निम्मं निम्मं.  आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो कसा असतो, ते त्या दिवशी पाहिलं.

पहिल्यांदा तिला मशीनवर बसवलं. तिची शिवण कापडाच्या एका कडेने निघाली आणि दुसऱ्या कडेला जाऊन बाहेर पडली. ती स्वतःच हसत सुटली. मग इस्त्री दिली, तर गप्पांच्या नादात एका डॉक्टरांच्या पँटीवर इस्त्रीचा छाप उठला. शेवटी टेप गळ्यात घातला आणि म्हटलं, बाई, तू मापं घे. निदान त्यात काही जळणार नाही.

तिची मापं घ्यायची तऱ्हा बघवत नाही. आलेल्या माणसाला आधी बसवायचं. त्याचा गुडघा कसा आहे, आईचं ऑपरेशन झालं का, घरमालक अजून कटकट करतो का, सगळी चौकशी करायची. टेप आपला गळ्यात लोंबतोय. माणूस बोलायला लागतो, मग हसायला लागतो, आणि त्या हसण्यातच ही उठून त्याच्या पोटाभोवती टेप फिरवते आणि मला आकडा ओरडून सांगते. तो आकडा माझ्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त. मी म्हणायची, तुझा टेप सैल असतो. ती म्हणायची, "असू दे ना ताई, सैलच कापा." कपडा घट्ट झाला तर बोल मला लागणार, म्हणून मी धुसफुसत तिच्या आकड्यावर कापायची. कपडा अंगावर बरोब्बर बसायचा. आणि कौतुक कुणाचं, ते वर सांगितलंच आहे.

अशात बँडवाल्यांचं काम आलं. ट्रम्पेट, सनई, ढोल आणि एक भलामोठा कर्णा, जो गळ्यात अडकवल्यावर वाजवणाऱ्याचे फक्त पाय दिसतात. त्यांना दूरच्या मोठ्या कार्यक्रमासाठी नवे कोट हवे होते. निळं कापड, लाल किनार, पितळी बटणं. असलं काम आमच्याकडे यापूर्वी कधी आलं नव्हतं. बँडमास्तर दारातून आत आले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्या हसऱ्या बाई कुठे आहेत?"

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं. हे काम मापापासून शेवटच्या बटणापर्यंत मी एकटी करणार. आणि ते तिच्यावाचून नीट पार पडलं, तर पुढे दुकानात तिचं काही काम उरत नाही, हे सगळ्यांनी समजून घ्यावं. दीर ताट सरकवून उठले. आमचे हे ताटातच बघत राहिले, ते नेहमीच तिथे बघतात. धाकटी फक्त "चालेल, ताई" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने टेप आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात काम मिळेल का विचारून आली. मिळणार होतं. हिला कुठेही मिळतं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बँडवाले मापाला आले. मी एकेकाला पुढे घेतलं, सरळ उभं राहायला सांगितलं, छाती, पोट, खांदा, बाही, झालं. कुणाचा गुडघा नाही की कुणाची आई नाही. काय शिस्तीत उभे होते सगळे, शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखे. कर्णेवाल्याचं पोट दारातून त्याच्या आधी आत आलं होतं, पण माझ्यापुढे तोही काठीसारखा ताठ. चहा गार व्हायच्या आत सगळं उरकलं. मला वाटलं, याला म्हणतात काम.

कोट असे झाले की मीच हँगरवरून काढून पुन्हा पुन्हा बघत होते. ट्रायलला सगळ्यांनी घातले. एक सुरकुती नाही. बँडमास्तरांनी मान डोलावली आणि मी मनातल्या मनात चपलांच्या दुकानाकडे बघितलं. तेवढ्यात ते म्हणाले, "एकदा वाजवून बघू."

सगळ्यांनी श्वास घेतला. तेवढंच केलं त्यांनी. कर्णेवाल्याचं मधलं बटण सुटलं ते आरशावर जाऊन आपटलं. ट्रम्पेटवाल्याच्या पाठीची शिवण उसवल्याचा आवाज मी ओळखला, तसा आवाज कुणी शिंपी विसरत नाही. ढोलवाले तेवढे बचावले, त्यांना फुंकायचं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बँडमास्तर चिडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. ते म्हणाले, "बाई, रागावू नका. तुम्ही टेप घेऊन समोर आलात की पोट आपोआप आत जातं. श्वास घ्यायची हिंमतच होत नाही." मग म्हणाले, कार्यक्रम आठवड्यावर आलाय. उद्या त्या दुसऱ्या बाई मापं घेणार असतील तर आम्ही येतो, नसतील तर कापडाचं काय ते बघा, आम्ही दुसरा शिंपी गाठतो.

कोट वाचवता येत होते. शिवणीच्या आत जास्तीचं कापड मी नेहमीच ठेवते, उसवून सोडलं की झालं. पण किती सोडायचं, हे त्या माणसांनी मोकळा श्वास घेतल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तो त्यांना माझ्यासमोर येत नव्हता. म्हणजे मागायचं होतं तिच्याकडेच. त्यापेक्षा सगळे कोट दातांनी उसवले असते.

ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी फडताळाकडे बघत म्हटलं, उद्या ते बँडवाले पुन्हा येणार आहेत.

"बरं," ती म्हणाली.

"त्यांची मापं परत घ्यायचीत. तुला वेळ असेल तर बघ. तुझी मर्जी."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "माझ्या मर्जीचं सोडा, ताई. तुम्ही बोलावताय का, तेवढं सांगा."

"बोलावतेय," मी म्हटलं. "आणि त्या चपलावाल्याला नाही म्हणून सांग."

"बोलावतेय" हा एक शब्द बोलताना मला जेवढं जड गेलं तेवढं बाळंतपणात गेलं नव्हतं. ती मात्र हसली नाही की तिने टोमणा मारला नाही. कणीक मळून ठेवू का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला पडद्यामागे बसायला सांगितलं. माझ्याच दुकानात मला. बसले. थोड्या वेळाने बाहेर हशा सुरू झाला. आधी एकजण, मग चारपाच, मग कर्णेवाल्याचा तो गडगडाट. हे गेली कित्येक वर्षं मी आतून ऐकत आले होते आणि कशाला हसतात म्हणून कधी उठून बघितलं नव्हतं. आज उठले. पडद्याच्या फटीतून पाहिलं.

ती माझी नक्कल करत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कपाळाला आठ्या, टेप छडीसारखा हातात धरलेला, आणि आवाज हुबेहूब माझा. "हलू नका. श्वास नंतर घ्या, आधी माप." माणसं पोट धरून हसत होती आणि ती त्याच पोटांभोवती टेप फिरवत होती.

म्हणजे माझं दुकान, माझी गिऱ्हाइकं आणि हसायला मीच. मी पडदा फर्रकन बाजूला केला आणि बाहेर आले. हशा जागच्या जागी थांबला. सगळी पोटं एकदम आत गेली. कर्णेवाल्याने तर कर्णाच पुढे धरला.

धाकटी जराही घाबरली नाही. त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बघा, मी काही वाढवून सांगत होते का?"

दुकानात पुन्हा हशा पिकला. ती टेप घेऊन पुढे सरकली आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "ताई, अशाच उभ्या राहा. हसू नका हं. तुम्ही अशा आहात म्हणून माझं चालतं."

माझ्या जिभेवर खूप काही आलं होतं. तिच्या बापापर्यंत पोचणारं होतं. पण मी गिऱ्हाइकांकडे बघितलं. खांदे सैल, गळे मोकळे, श्वास आत-बाहेर, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. इतकी वर्षं ज्या हशावर मी जळत होते, तो माझ्या आठ्यांवर चालत होता, आणि मला त्यातला वाटा कुणी कधी दिला नव्हता.

मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, कमरेवर हात ठेवले आणि कर्णेवाल्यावर खेकसले, "हलू नका."

छत उडेल असे हसले सगळे. धाकटीसुद्धा. आणि तो हशा माझा होता, तिचा नव्हता.