'काचेचा वाघ' आणि माझी आरोळी

सलूनवाल्याचा फोन आला तेव्हा मी तूर पाखडत होते. "वहिनी, भाऊ खुर्चीतून उठून नाही राहिले," तो म्हणाला. मी पोचले तेव्हा यांच्या अर्ध्या डोक्याला काळा रंग लागला होता, अर्धं पांढरंच. बावन्न वर्षांच्या माणसाला खांद्यापर्यंत केस कशाला हवेत, हे मी कितीदा मनात विचारलं असेल. तसंच दोन रंगांत त्यांना स्मशानात नेलं...

आता दोन महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो, शरदभाऊ मोठे कलाकार होते. मी मान हलवते. कलाकार म्हणजे माझा लग्नातला जरीचा शालू कापून त्याची पँट शिवून घेणारा माणूस. डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त काजळ. चार मित्रांनी मिळून बँड काढला होता. "याले ग्लॅम मेटल म्हणतात, तुले नाही समजणार," हे म्हणायचे. चमकते कपडे घालून किंचाळण्यात समजण्यासारखं काय होतं, देव जाणे. अमरावतीत गणपतीलासुद्धा त्यांना कोणी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

तरी वीस वर्षांपूर्वी त्यांचा पहिला अल्बम झाला, 'काचेचा वाघ'. पहिला आणि शेवटचा. अकोल्याला एक स्टुडिओ होता, एरवी तिथे भजनं आणि निवडणुकीची गाणी भरायचे. मी डबा घेऊन सोबत गेले होते. बाहेर अकोल्याचं ऊन, आत आवाज नको म्हणून कूलर बंद. या वाघानं बर्फ घातलेला उसाचा रस तीन ग्लास ढोसला आणि घसा बसवून घेतला. पहिल्या गाण्याच्या शेवटी लांब आरोळी हवी होती. यांच्या तोंडातून नुसती हवा... शेवटी माझ्याकडे वळले. "तू मोर्शीले संत्र्याच्या बागेत वानरं हाकलत व्हती ना? तशी ओरड."

मला चारचौघांत पाणी मागायची लाज. मित्रांना बाहेर घालवलं. मी भिंतीकडे तोंड केलं, पदर पुढे ओढला आणि ओरडले. एकदाच. मशीनवाल्यानं कानावरचं यंत्र काढून ठेवलं.

सीडी आली. मागे सगळ्यांची नावं होती, कूलर दुरुस्त करणाऱ्याचंसुद्धा. "माहं नाव?" मी विचारलं.

"तुले लाज वाटते ना? तुह्यासाठीच नाही टाकलं."

लोक म्हणायचे, काय आवाज लावला शरदभाऊ! हे माझ्यासमोर केस मागे सारून सांगायचे, "रियाज लागते."

तेरवीला बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या संजूभाऊंनी तेच गाणं लावलं. आरोळी आली तशी माणसं डोळे पुसायला लागली. मी सगळ्यांसमोर बोलले. "संजूभाऊ, तो आवाज माहा हाय."

ते जरासुद्धा गडबडले नाहीत. "आमाले मालूम हाय, वहिनी. दारातून ऐकू आलं व्हतं. सारेच जाणतो आमी."

"मंग काहून नाही बोलले?"

"शरदले वाईट वाटलं असतं ना."

तीन धडधाकट माणसं, वीस वर्षं... एकाला वाईट वाटू नये म्हणून. मी वाढायला उठले आणि त्यांच्या पानात वडा वाढला नाही.

काल ती सीडी काढली. मागे छापलंय, 'गायन आणि आरोळी : शरद'. त्या गुळगुळीत कागदावर पेन उमटेना. यांच्या कपाटात लाल नेलपॉलिशची बाटली सापडली, अर्धी वाळलेली. 'आरोळी'पुढे लिहिलं, कुसुम. अक्षरं मोठी झाली, यांच्या नावावर चढली. वाळेपर्यंत मी फुंकर घालत बसले.