गुरुवारचं पाकीट

भोसरीच्या कंपनीत मी डिस्पॅच बघायचो. आमच्या सुट्या भागांची गाडी चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात दिलेल्या वेळेत लावायची, एवढंच माझं काम. दहा ते साडेदहा म्हणजे दहा ते साडेदहा. अकराला पोचली तर तिकडची लाइन थांबते, लाइन थांबली की आमच्या साहेबांचा फोन वाजतो, आणि त्यांचा वाजला की लगेच माझा. त्यामुळे माझं डोकं कायम घड्याळात असायचं. गाडी कधी सुटली, मोशीला किती अडकली, रिकामी कधी परतणार. माणसं मला मागं खडूस म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. एखादं पाकीट जरी इकडचं तिकडं झालं तरी मी चारचौघांत माणसाची अब्रू काढायचो.

तेव्हा फोनवर सिनेमे बघायची सोय नव्हती. महिन्याची वर्गणी भरली की कुरियरनं सिनेमाच्या डिस्क पाठवणारी एक कंपनी होती, तिचा मी मेंबर होतो. वेबसाइटवर आपली यादी करायची. एका वेळी दोन डिस्क आपल्याकडे राहणार, एक परत गेली की यादीतली पुढची निघणार. याचंही घड्याळ मी लावून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी कुरियरवाला आपल्याकडून डिस्क नेतो, दुसऱ्या दिवशी ती मुंबईच्या गोदामात पोचते, तिसऱ्या दिवशी तिथून पुढची निघते, चौथ्या दिवशी ती आपल्या हातात. मधे रविवार आला की एक दिवस वाढवायचा.

पत्ता मी माझ्या भोसरीच्या कंपनीचा दिला होता. पिंपळे गुरवच्या घरी दिवसभर आई एकटी, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. काचबिंदूनं तिचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्यानं ती भिंत चाचपत दारापर्यंत यायची. तेवढ्यात कुरियरवाला 'दार बंद' असं लिहून पसार. दोनदा असं झाल्यावर मी वैतागून पत्ता बदलला.

आई रावेतची. महामार्ग, टॉवर वगैरे काही नव्हतं तेव्हाची. ती सहा वर्षांची असताना त्यांच्या गावात, पवनेच्या घाटावर, एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गावातल्या बायकांना घागरी घेऊन घाटाच्या पायऱ्या चढायला सांगितलं, त्यांत माझी आजी होती. पुढं तो सिनेमा तंबूत लागला. आईला आपली आई भिंतीएवढी दिसली, एवढं तिला आठवत होतं. आणि पुढच्याच वर्षी आजी बाळंतपणात गेली. तिचा एकही फोटो कुणाकडं नाही. तो सिनेमा टीव्हीवर कधी लागला नाही, बाजारात त्याची सीडी मिळाली नाही.

आणि एक दिवस या वेबसाइटवर तो मला सापडला. काळापांढरा, एकच प्रत. नावासमोर लिहिलं होतं, उपलब्ध.

नेमकं त्याच दिवशी, गुरुवारी, डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती. पुढचा शुक्रवार, सकाळी साडेसात. आदल्या दिवशी चार वाजता भरती व्हायचं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "आहे ती नजर टिकवायला करतोय. पण हा डोळा फार थकलाय. खात्री मागू नका."

रिक्षात आई म्हणाली, "त्यो सिनेमा हाय म्हणालास न्हवं? डोळा फोडायच्या आदी एकदा आईला बघू दे मला."

मी बोटांवर हिशोब केला. शुक्रवारी डिस्क जातील, शनिवारी मुंबईला पोचतील, सोमवारी सिनेमा निघेल, फार तर बुधवारी हातात. एक दिवस शिल्लक. घरी पडलेल्या दोन्ही डिस्क न बघताच पाकिटात घातल्या, यादीत तो सिनेमा पहिल्या नंबरावर टाकला आणि आईला सांगितलं, "बुधवारी बघायचा. पक्कं."

शुक्रवारी कुरियरवाला आलाच नाही. मी गेटवर तीन चकरा मारल्या. हेल्पलाइनवर बोलणारी बाई अतिशय गोड बोलायची, त्यानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. शनिवारी संध्याकाळी तो उगवला. मी त्याला नको नको ते बोललो. तो बिचारा मान खाली घालून पावती फाडत राहिला.

म्हणजे शिल्लक दिवस गेला. रविवारी कुरियर बंद. सोमवारी दर तासाला मी वेबसाइट उघडत होतो. ती एकुलती एक प्रत दुसऱ्या कुणी उचलली तर? साऱ्या महाराष्ट्रात तो सिनेमा त्याच आठवड्यात बघायची हौस कुणाला येणार होती, पण 'उपलब्ध' हा शब्द अजून तिथंच आहे ना, ते मी परत परत बघत होतो. मंगळवारी दुपारी शब्द बदलला. 'रवाना'. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मी टीव्हीवरची धूळ पुसून ठिवलीया."

बुधवारी पाकीट आलं नाही. संध्याकाळी सहाला मी हेल्पलाइनच्या बाईला फोन लावला. "सर, उद्या सकाळी अकराच्या आत नक्की मिळेल."

अकराच्या आत. भरती चारला. सिनेमा सव्वादोन तासांचा आणि आपल्याला तर घाटाचा प्रसंगच बघायचा. जमलं. मी घरी जाऊन आईला हे असंच, गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

आई भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "उद्या बेस्तरवार. तुमची कंपनी बंद नसती व्हय?"

मी ताडकन उभा राहिलो. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. साऱ्या दुनियेचा रविवार तो आमचा गुरुवार. दहा वर्षं मी गुरुवारी केस कापले, गुरुवारी लग्नं गाठली, गुरुवारी आईला दवाखान्यात नेलं. कुरियरचा रविवार मी मोजला आणि स्वतःच्या कंपनीचा गुरुवार विसरलो. दुसऱ्यांच्या गाड्या मिनिटावर लावणारा मी. हेल्पलाइनला परत फोन केला. पाकीट निघाल्यावर पत्ता बदलता येत नाही, सर.

सकाळी साडेआठला मी कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. रस्ता मोकळा, शेजारच्या कंपन्यांचीही शटर खाली. कुरियरवाल्याला रस्त्यातच गाठायचं, असं ठरवून आलो होतो. सिक्युरिटीचा माणूस, परभणीकडचा, पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा. म्हणाला, "सायेब, तुमचं पाकीट तर आठलाच आलं. आज रस्ता रिकामा म्हणून तो लवकर आला."

माझा जीव भांड्यात पडला. "द्या मग."

त्यानं टाइम ऑफिसकडं बोट दाखवलं. गेटला लागून असलेली हजेरीची छोटी खोली, पुढं काच, आत टेबल. टेबलावर उघडी पेटी, तिच्यात वरच माझं लाल पाकीट. माझं नाव मला बाहेरून वाचता येत होतं.

"कुलूप आहे. किल्ली कुणाकडं?"

"क्लार्ककडं. काचेच्या वर फट हाय, तिच्यातून मी खालच्या पेटीत टाकलं. नियमच तसा."

क्लार्क गावाला गेलेला, फोन बंद. मी वीस वेळा लावला. मग मी त्या माणसावर घसरलो. कसला नियम, कुणाचा नियम, माझं पाकीट आहे, माझं नाव आहे, मी समोर उभा आहे. तो ऐकून घेत होता. माझा आवाज संपल्यावर त्यानं गेटच्या वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. त्यावर टाइप केलेला कागद चिकटवलेला. सुट्टीच्या दिवशी आलेले कोणतेही टपाल टाइम ऑफिसच्या पेटीत टाकावे, दुसऱ्या दिवशी इनवर्ड नोंद झाल्याशिवाय कोणालाही देऊ नये. खाली माझी सही.

मागच्या दिवाळीत एक पाकीट गहाळ झालं होतं. तेव्हा याच माणसाला मी सगळ्या शिफ्टसमोर झापलं होतं आणि हा कागद काढला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

"काच फोडतो," मी म्हणालो. खरंच म्हणालो. कडेला लोखंडी गजाचा तुकडा पडला होता, तो मी उचललासुद्धा.

तो काचेसमोर येऊन उभा राहिला. अडवायला हात वर केला नाही, काही नाही. म्हणाला, "फोडा. तुम्हाला कुणी काय म्हणणार न्हाई. माझी नोकरी जाईल. दोन पोरी हायेत कॉलेजात. तरी फोडायची तर फोडा, मी तुमचं नाव सांगणार न्हाई."

मी त्याला सगळं सांगितलं. आईचा डोळा, घाट, आजी, दवाखान्याचं नाव, चार वाजता भरती. गज माझ्या हातातच होता. त्याचे डोळे भरले, पण तो जागचा हलला नाही. माझ्याच नियमापुढं तो उभा होता आणि त्याच्यामागं, हातभर अंतरावर, ते पाकीट. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मी गज खाली ठेवला. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दोन वाजेपर्यंत मी तिथंच फूटपाथवर बसून क्लार्कला फोन लावत होतो. मग घरी गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दवाखान्यासाठी नेसलंय असं ती म्हणाली.

"न्हाई मिळालं?"

"उद्या मिळेल."

"मग डोळा उघडल्यावर बघू," ती म्हणाली आणि पिशवी चाचपून उचलली.

शुक्रवारी साडेसातला तिला आत नेलं. नऊ वाजता दवाखान्याच्या जिन्यातून तो सिक्युरिटीचा माणूस वर आला, सुट्टीच्या दिवसपाळीला जोडून रात्रपाळीही करून, घामाघूम. आठला क्लार्क आल्याबरोबर त्याच्याकडून यानं पहिली नोंद माझ्या पाकिटाची करून घेतली आणि दोन बस बदलून तो ते घेऊन आला होता. मी पाकीट घेतलं आणि बाकावर ठेवलं. त्याला बसा म्हणालो नाही, चहा विचारला नाही. ते मला आजही खातं.

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटं धरली. किती आहेत, विचारलं. आई बराच वेळ प्रयत्न करत होती. मग म्हणाली, "उजेड हाय." पुढं तेवढंच राहिलं. उजेड आणि सावली.

पाकीट मी कपाटात, कपड्यांच्या खाली ढकललं. डिस्क परत न आल्याची आठवण करून देणाऱ्या मेल येत राहिल्या. मी वाचत नव्हतो. मग एका गुरुवारी, मी घरी असताना, आई म्हणाली, "लाव की ते. किती दिवस लपवून ठिवणार हायेस?"

लावलं. ती टीव्हीसमोर बसली, चेहरा आवाजाच्या दिशेनं. अर्ध्या तासानं बैलगाडीचे घुंगरू वाजले आणि घाट आला. "ह्योच," ती म्हणाली. दहा-बारा बायका घागरी घेऊन पायऱ्या चढत होत्या. मी चित्र थांबवलं. आजीला मी कधी बघितलंच नव्हतं. यातली आजी कुठली, ते सांगू शकणारं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते माझ्याशेजारी बसलं होतं.

"आई, बऱ्याच बायका आहेत गं."

"रडू नगंस. मागं वळून बघणारी हाय का कुणी, ते बघ."

मी पुढं केलं. सगळ्या सरळ चढून गेल्या. शेवटून दुसरीनं मात्र वरच्या पायरीवर मान वळवली आणि खाली, डावीकडं बघितलं. तिथं पडद्यावर काहीच नव्हतं.

"आहे. खाली बघतेय, डाव्या बाजूला. तिथं कुणी नाहीये."

"तिथं मी हुते. मी बी येते म्हणून रडत हुते, तर त्या लोकांनी मला बाजूला धरून ठिवलं. लई रागानं बघतीया न्हवं? त्यांनी सांगितलेलं, कुणी मागं बघायचं न्हाई. माझ्यामुळं तिला बोलणी बसली."

मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसलो. मागं घेतलं, पुन्हा लावलं, थांबवलं.

"आई, ती हसतेय."

"खोटं सांगू नगं."

"शप्पथ. हसतेय. तुझ्याकडं बघून."

साऱ्या जन्मात तिला ते ठाऊक नव्हतं. तंबूतल्या त्या गर्दीत, सहा-सात वर्षांच्या पोरीला भिंतीएवढा चेहरा दिसला होता, आणि तिनं तो रागाचा म्हणून जपून ठेवला होता.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं. घुंगरू वाजले, घागरी आल्या, आणि आजी वळायच्या क्षणी आईनं मान वर केली, लहान पोर उंच माणसाकडं बघतं तशी.