सात नंबरची सुट्टी

पाखरवाल्या बाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या ऑफिसातले लोक म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण रोज असायचं, बहुतेक दिवशी दोन असायची. त्या दिवशी तर साहेबांनी सकाळपासून तिसऱ्यांदा नकाशाचा रंग बदलून मागितला होता. साहेबांना लाल नको होता, कारण लाल पाहिला की मच्छीमार भडकतील. केशरी केला तर तो म्हणे डोळ्यांना खुपतो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीची बैठक, आणि साहेबांची गाडी अजून रंगावरच अडलेली.

"साहेब, फिकट गुलाबी करू का? कडेनं फुलं काढते," बाई म्हणाल्या.

साहेबांनी थोडा विचार केला आणि फुलं नकोत म्हणाले.

बंदराच्या तोंडाशी एक ओसाड खडक आहे. दरवर्षी चार महिने त्यावर हजारो पांढरे पक्षी अंडी घालून पिलं वाढवतात. उंचावरून पंख मिटून ते पाण्यात कोसळतात, म्हणून बंदरातले लोक त्यांना सूरमारे म्हणतात. हे सूरमारे पिलांसाठी मासे नेमके कुठून आणतात, हे शोधणं बाईंचं काम. तीन वर्षं त्या खडकावर चढल्या, हातावर चोची खाल्ल्या, नखशिखान्त विष्ठेनं माखून घरी आल्या आणि बारा पक्ष्यांच्या पाठीवर काडेपेटीहून लहान यंत्रं चिकटवली. हे यंत्र उन्हावर चालतं, दर दोन तासांनी आपला ठावठिकाणा टिपून ठेवतं आणि किनाऱ्याजवळ आलं की सगळ्या नोंदी ऑफिसात धाडतं. अकरा पक्षी कधी इथे, कधी तिथे भटकले. सात नंबर मात्र साठ किलोमीटर आत, समुद्रातल्या एका ठरावीक जागी जायचा. पुन्हा पुन्हा जायचा, दहा आठवडे जात राहिला. बाईंनी त्याच्या जिवावर नकाशात एक चौकोन आखला होता. उद्या मंजुरी मिळाली, तर पिलांच्या चार महिन्यांत त्या चौकोनात मासेमारी बंद होणार होती. नाही मिळाली, तर तीन वर्षांची माती.

दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. नवरा शाळेत गणित शिकवायचा, आणि आकडे दिसले की त्याला घास गोड लागत नसे. पाण्याच्या तांब्याखाली दबलेला सात नंबरच्या फेऱ्यांचा कागद त्यानं ओढून घेतला.

"अगं, हा सोमवारी जात नाही का?"

"कोण?"

"तुझा सात नंबर. रविवारी परत येतो, मंगळवारी निघतो. पहिले बारा दिवस वाटेल तेव्हा जातो, आणि मग एकही सोमवार नाही. पाखराला साप्ताहिक सुट्टी कुणी लावून दिली?"

"तू तुझ्या वह्या तपास," बाई म्हणाल्या. नवऱ्यानं निमूटपणे भाजी वाढून घेतली. पण बाईंचा घास हातातच राहिला, कारण सोमवारी अख्खं बंदर बंद असतं, हे त्या गावात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

त्या तशाच उठून ऑफिसात गेल्या. खडक बंदराला लागूनच असल्यामुळे किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आतले सगळे ठिपके गाळून टाकायचे, असा नियम होता. पक्षी घरट्यावर बसलाय, त्यात पाहायचं काय? नियम साहेबांचा असता तर बाईंना केवढं बरं वाटलं असतं. पण तो बाईंनी स्वतःच केला होता, आणि तो कसा अचूक आहे यावर एकदा तासभर भाषणही दिलं होतं. आता त्यांनी गाळलेले ठिपके परत आणले. पहिले बारा दिवस ते खडकावर होते. तेराव्या दिवसापासून खडकावर एकही नव्हता. सगळे तिसऱ्या धक्क्याच्या शेवटच्या खुंटापाशी, पाण्यावर गोळा झालेले.

त्या खुंटाला कुणाची होडी असते, हे बघायला जायची गरज नव्हती. आधी तिथे त्यांच्या वडिलांची होडी असायची. आता तीच होडी दादाची होती.

दादाशी बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा अशाच एका बैठकीत बाईंनी पडद्यावर एक फोटो दाखवला होता: लांब दोरीला शेकडो गळ लावून मासे धरणारी होडी, आणि गळावरच्या आमिषावर झेपावणारे पक्षी. असेच पक्षी अडकून बुडून मरतात, असं बाईंनी सांगितलं. ते खरंच होतं. होडी दादाची आहे, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. दादा चारचौघांतून उठून गेला. चुकून झालं, एवढं म्हणायला बाईंना एक मिनिट लागलं असतं. पण हा एवढा रुसतोच कसा, याचा राग येण्यात ते मिनिट गेलं आणि त्यामागून दोन वर्षं गेली.

धक्क्यावर दादा दोर गुंडाळत बसला होता. केबिनच्या काचेला सुतळीनं टांगलेलं यंत्र उन्हात मजेत डुलत होतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तुझंच आहे. ओळखलं नाहीस?"

"दोन महिने तू ते काचेला लावून फिरतोयस? मी तुझी होडी पाखरू समजून नकाशात घातली, दादा! साहेबांना दाखवली! त्यावर माझा नंबर लिहिलाय, तो दिसला नाही तुला?"

"दिसला की. म्हणूनच फोन केला. त्याच संध्याकाळी, तीनदा. तू उचललास?"

भांडण झालं त्या दिवशी बाईंनी फोनमध्ये दादाचं नाव गप्प करून ठेवलं होतं. त्यांनी ते आता उघडलं. न घेतलेले तीन फोन, एकाखाली एक, सगळे तेराव्या दिवसाचे. खाली एक निरोपही होता: 'चिंगे, तुझं पाखरू माझ्याकडे आहे.'

राग काढायला आजूबाजूला दुसरं कुणीच नव्हतं, ही त्यांना सर्वांत मोठी अडचण वाटली.

"पक्ष्याचं काय झालं?" त्यांनी हळू विचारलं.

"गळाला लागला. वर ओढेपर्यंत बुडाला होता." दादानं दोराचा वेढा नीट केला. "वाईट वाटलं. तू म्हणशील, याला कसलं वाईट वाटणार."

बाईंचं लक्ष होडीच्या मागच्या टोकाकडे गेलं होतं. पक्षी गळांपासून लांब राहावेत म्हणून दोरीवर फडफडत्या रंगीत पट्ट्या लावायच्या असतात. त्या बाईंनी घरोघर फुकट वाटल्या होत्या, आणि अख्ख्या बंदरात एकानंही लावल्या नव्हत्या. इथे त्या लावलेल्या होत्या.

"त्या काय, कपडे वाळत घालायला बऱ्या पडतात," दादा घाईनं म्हणाला.

"कुठे लागला तो गळाला?"

दादानं दोर खाली ठेवला. "बाबांच्या जागेवर," तो म्हणाला.

बाई खुंटावरच बसल्या. बाबा कुठे मासे धरतात हे बंदरात कुणाला माहीत नव्हतं. लहानपणी त्यांनी शंभरदा विचारलं होतं, मलाही न्या म्हणून पाय आपटले होते. बाबा एकच उत्तर द्यायचे: पाखरं नेतील तिकडे जातो. मुलीला उडवून लावतात, जागा फक्त मुलालाच सांगणार, अशी तेव्हा पक्की गाठ बसली होती. आणि आता ती जागा त्यांच्या नकाशात फिकट गुलाबी रंगात होती.

"तुला तरी सांगितली त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि आवाज भरून आल्याचा त्यांना भयंकर वैताग आला.

"मला? डोंबल सांगितली! पाखरं नेतील तिकडे, एवढंच. ते गेल्यावर मी एकदा सूरमाऱ्यांच्या मागं गेलो. तेव्हा कळलं, बाबा खरंच सांगत होते."

बाईंनी नाक पुसलं. आता दादाला सगळं सांगणं भाग होतं. "उद्या मी तेराव्या दिवसानंतरचं सगळं काढून टाकणार. त्याआधीच्या तिकडच्या चारच फेऱ्या उरतात. साहेब म्हणतील, त्याही होडीच्याच कशावरून? पक्षी तिथेच मिळाला असं कुणी सांगितलं, तर चौकोन टिकेल. पण मग ती जागा चार महिने बंद. सगळ्यांना बंद, तुलाही. आणि कुणी नाही सांगितलं, तर जागा तुझीच राहील."

"झालं बोलून? जा आता," दादा म्हणाला. "माझे दोर व्हायचेत."

बैठकीत बाईंनी उभं राहून आपली चूक सांगितली. पाच किलोमीटरच्या नियमापासून न उचललेल्या फोनपर्यंत सगळी सांगितली. मागे बसलेले मच्छीमार पोट धरून हसले. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे बाई, आपण एका होडीला संरक्षण द्यायला निघालो होतो?"

"दहा आठवड्यांपैकी आठ आठवडे, हो. पहिल्या चार फेऱ्या पक्ष्याच्या आहेत."

"कशावरून? आहे कुणी सांगणारं?"

बाईंनी मागे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी सांगतो," दादा म्हणाला. त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. "पाखरू माझ्या गळाला लागून मेलं, त्याच चौकोनात. तिथे त्यांचा थवा असतो, माझ्या बापाच्या वेळेपासून असतो. आम्हाला ती जागा त्यांनीच दाखवली."

हसणं बंद झालं. बाजूच्या रांगेतला एक म्हातारा वळून म्हणाला, "अरे, म्हणजे तुमची जागा ती होय! तुझ्या बापानं चाळीस वर्षं तोंडातून शब्द काढला नाही."

"मी काढला आता," दादा म्हणाला. "चार महिने त्यांची, बाकीचे आपले. लिहून घ्या साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. दादा खाली बसला, मग काहीतरी राहिल्यासारखा पुन्हा उठला.

"आणि त्या बाईंना एक सांगा. फोन वाजला की उचलत जा म्हणावं."