बिल्ल्याचा तांदूळ

माझा बा चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत होता. माझ्या जन्माआधी, ठेकेदाराच्या काळात, तिथे मजुरी म्हणून पत्र्याचे बिल्ले द्यायचे. ते फक्त ठेकेदाराच्याच दुकानात चालत. तांदूळ खड्यांचा, तेल दीडपट महाग. खाण सरकारी झाली त्या दिवशी बाने उरलेले बिल्ले नाल्यात फेकले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "यापुढं माह्या ताटात बिल्ल्याचा दाणा पडणार नाही."

मी कॅनडाला निघाले तेव्हा त्याने एकच गोष्ट बजावली. "पोरी, कमी भेटलं तरी चालन, पण नगदीच घेजो." मी हसले. म्हटलं, "बा, तिकडे सारं बँकेत येते."

आलं डोंबल! तिकडच्या किचनर शहरातल्या ज्या ग्रोसरीत मी लागले, तिचा मालक आपलाच, मराठी. माझ्या वर्क परमिटवर त्याच्याच दुकानाचं नाव, दुसरीकडे काम करायची सोय नाही. पहिल्याच विंटरमध्ये म्हणाला, "ताई, सध्या जरा टाइट आहे. अर्धा पगार अकाउंटला टाकतो, अर्ध्याची आपल्या दुकानाची कूपनं घ्या. ग्रोसरी तर लागतेच ना?" खात्यात येणारा अर्धा पगार माझ्या बेसमेंटमधल्या खोलीच्या भाड्यात जायचा. कूपनं डब्यात साठत गेली. हे काय आहे ते मला कळत होतं बरं का, खाणवाल्याची पोर मी! पण पीआरच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या कागदांना त्याचं पत्र लागणार होतं, म्हणून मूग गिळून बसले. आमच्या असोसिएशनच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात आपली माणसं विचारायची, कसं चाललंय? मी म्हणायची, "मस्त!" कुठल्या तोंडाने सांगणार होते?

पुढच्या वर्षी मार्चमध्ये भावाचा फोन आला. बा दवाखान्यात होता, डॉक्टरांनी तीन-चार दिवस दिले होते. "तुलेच विचारून राहिला सारखा." मी डबा घेऊन मालकापुढे उभी राहिले. तिकिटाला पुरून उरतील एवढी कूपनं होती.

"यांचे पैसे द्या. मला बाला बघायचंय."

"कॅश कुठून आणू, ताई? पाहिजे तर तांदळाच्या चार गोण्या घेऊन जा."

"गोणीवर बसून उडत जाऊ का?" मी ओरडले. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो बिलं करत राहिला.

असोसिएशनमधल्या एका ताईंना फोन करायला मला दोन दिवस लागले. नुसत्या लाजेपायी. फोन केल्यावर त्यांनी तासाभरात पैसे उभे केले. आम्ही लॅपटॉपवर तिकीट बुक करत होतो, तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. बाच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. ते दोन दिवस मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

आता पोचूनही बा दिसणार नव्हता; तिकीट राहिलं, ताईंचे पैसे मी परत केले. बाच्या जलदानविधीच्या दिवशी आपली माणसं बेसमेंटमध्ये जमली, बुद्धवंदना झाली. खीर करायची होती आणि माझ्याकडे कूपनांशिवाय काही नव्हतं. तांदूळ, दूध, साखर, सगळं त्याच दुकानातून आणलं. पहिली वाटी बाच्या फोटोपुढे ठेवली. मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.